फाईल कपाटातून बाहेर काढा

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहतो. बँकेत नोकरी आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. मुलगी १९ वर्षांची. बारावीला ८४ टक्के. नीटला पहिल्यांदा ३९८, एक वर्ष ड्रॉप घेऊन दुसऱ्यांदा ४५२. आता म्हणते नीट देणारच नाही. मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी करीन आणि पोटाच्या, आतड्यांच्या आजारांवर संशोधन करीन. तिच्या मामाचं आजारपण डोक्यात बसलंय. त्याला आधी आतड्याचा टीबी सांगितला, आठ महिने गोळ्या झाल्या, मग क्रोन्स, म्हणजे आतड्याला कायमची सूज आणणारा आजार, निघाला. त्याच्या रिपोर्टांची फाईल तिला पाठ आहे, ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स नाहीत. शेवटी मी ती फाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं. आमचं म्हणणं असं, की तिने आणखी एक वर्ष कोट्याला राहावं. नाहीतर क्लिनिकल रिसर्चचा एक वर्षाचा डिप्लोमा करावा, जाहिरातीत नोकरीची हमी दिली आहे. तिला समजावून सांगावं ही विनंती.
ता. क. टेस्टच्या दिवशी पोट दुखतं, तीन-तीनदा संडासला जावं लागतं, असं सांगून ती क्लास बुडवते. वजनही पाच-सहा किलो उतरलंय. नाटकं आहेत, आम्ही लक्ष देत नाही.

उत्तर : नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ताजा कलमापासून सुरुवात केली, कारण सगळ्यांत महत्त्वाचं तुम्ही तिथे, जाता जाता लिहिलंय.

मी डॉक्टर नाही, कोर्स आणि कॉलेजं सांगणारी बाई आहे. तरीही करिअरचं नंतर बोलू. आधी मुलीला पोटविकारांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि तेही याच आठवड्यात. परीक्षेच्या सकाळी पोटात मुरडा येणं हे नाटक नसतं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं, मेंदूशी त्यांचं सतत बोलणं चालू असतं, आणि ताण आला की मोठ्या आतड्याची हालचाल खरोखरच वाढते. त्यातून काहींना इरिटेबल बॉवेलचा त्रास लागतो. तो त्रासदायक असला तरी जिवावरचा नसतो. पण त्याने वजन असं उतरत नाही. घरात मामाला क्रोन्स, आणि भाचीला पोटदुखी, पातळ संडास, वजनात घट. या दोन गोष्टी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्यात आणि एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. तुमची मुलगी रोज रात्री तेच करत असेल, अशी मला शंका आहे. फाईल पाठ होण्याचं ते एक कारण असू शकतं.

कदाचित काही निघणारही नाही. तसंच होवो. रक्ताची साधी तपासणी, अंगातली सूज दाखवणारी सीआरपी, गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही का ते पाहणारी टीटीजी, आतड्याची सूज दाखवणारं शौचाच्या नमुन्यातलं कॅल्प्रोटेक्टिन, यांतलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. शौचातून रक्त जातं का, रात्री दुखण्याने झोपमोड होते का, हे त्यांनी तिला विचारायचं आणि तिने सांगायचं. तुम्ही मध्ये बोलू नका. जमल्यास तेवढा वेळ बाहेरच बसा.

आता कुलुपाबद्दल. मोबाईलला कुलूप लावणारे पालक माझ्याकडे रोज येतात. रिपोर्टांच्या फाईलला कुलूप लावणारे तुम्ही पहिले. अख्ख्या पत्रात तुमच्या मुलीची एक-दोनच वाक्यं आहेत, तीही ‘म्हणते’ लावून. बाकी सगळं ‘आमचं म्हणणं’. तिची आई काय म्हणते तेही कळत नाही. ज्यांचं आजारपण ते तुमचे मेहुणे आहेत, म्हणजे तिच्या आईचा भाऊ. त्या घरात ही फाईल निव्वळ अभ्यासातला अडथळा असेल, असं मला वाटत नाही.

एक माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी भंवरकुआच्या एका क्लासमध्ये मी समुपदेशनाला बसत असे. एका मुलाला मी तिसऱ्या ड्रॉपचा सल्ला दिला. वडिलांना तो हवा होता, क्लासला तर हवाच होता. मुलगा मान हलवत होता, तो मी होकार समजले. तिसऱ्या वर्षी त्याला दुसऱ्या वर्षापेक्षा कमी मार्क पडले. त्या मुलाला मी एकटं बसवून एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून ‘आणखी एक ड्रॉप’ हे शब्द आले की मी मुलाला आत बोलावते आणि वडिलांना पोहे खाऊन या म्हणते.

तुमची मुलगी नीटला घाबरून पळते आहे की तिला खरंच काही दिसलंय, हे ठरवायला ती फाईलच उपयोगी पडेल. मामांच्या बाबतीत झालं ते आपल्या देशात पुष्कळांच्या बाबतीत होतं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही आजार लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या कोपऱ्यात धरतात, दुर्बिणीतून सारखेच दिसतात, सूक्ष्मदर्शकाखालीही पेशींच्या तशाच गाठी दाखवतात. उपचार मात्र उलटे. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्सला टीबी समजलं तर आठ महिने गोळ्यांत जातात आणि तेवढ्या काळात आतडं आतल्या आत आकसत राहतं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे त्या दुर्बिणीच्या तपासणीत, आतड्याचे मोहरीच्या दाण्याएवढे तुकडे घेतात. ते सगळेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले तर जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, राहूनच जातं. त्यासाठी एक तुकडा वेगळा, साध्या सलाईनमध्ये पाठवावा लागतो. कल्चरचं उत्तर यायला पुन्हा काही आठवडे. तुमच्या मुलीला विचारा, मामांचा तुकडा कुठल्या बाटलीतून गेला होता. तिने सांगितलं, किंवा ‘रिपोर्टात ते लिहिलेलंच नाही’ म्हणाली, तर ती पळत नाहीये. हे दोन आजार लवकर आणि खात्रीने वेगळे कसे करायचे, यावर आजही काम चालू आहे. तिला नेमका तिथेच प्रश्न पडला आहे.

तुमचा मोठा गैरसमज असा दिसतो, की डॉक्टर झाल्याशिवाय आजारावर संशोधन करता येत नाही, आणि लॅबमध्ये बसणारा म्हणजे नमुने गोळा करणारा. गल्लीतली पॅथॉलॉजी लॅब आणि संशोधनाची लॅब यांना आपण एकच शब्द वापरतो, तिथून हा घोळ सुरू होतो. कोलकात्याला कॉलरा आणि आतड्यांच्या रोगांवर काम करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे, १९६२ पासूनची. जी. बालकृष नायर हे तिचे संचालक होते. ते वैद्यकीय पदवीचे नव्हेत, पीएचडी केलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९९२ च्या अखेरीस कॉलऱ्याचा ओ१३९ हा नवा प्रकार उद्भवला, तेव्हा त्याचा छडा लावणाऱ्यांत ते होते. उलट बाजूने गगनदीप कांग पाहा. एमबीबीएस, एमडी आणि वर पीएचडी. वेल्लोरला मुलांच्या जुलाबांवर, रोटाव्हायरसवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या लंडनमधल्या रॉयल सोसायटीवर निवडून गेल्या. दोन्ही वाटा तिथेच पोचतात. आणि अल्सर तिखटाने होतो ही समजूत मोडली तीही खाटेजवळचा आणि सूक्ष्मदर्शकाजवळचा अशा दोघांनी मिळून. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले रॉबिन वॉरन पॅथॉलॉजिस्ट, बॅरी मार्शल तरुण फिजिशियन. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत कल्चरच्या प्लेट्स नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या, म्हणून अल्सरचा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, उगवला. पुढे २००५ चं नोबेल. त्याच जंतूवर आपल्या सिमरोलच्या आयआयटीत काम चालतं. सराफ्यात रात्री बारा वाजता गराडूचा मसालेदार कंद खाणाऱ्या शहरात हे कुणाला ठाऊक नसतं, याची मला गंमत वाटते.

एक फरक मात्र खरा आहे आणि तो तिला स्पष्ट सांगा. एमबीबीएस नसेल तर रुग्ण तपासता येणार नाही, औषध लिहिता येणार नाही, दुर्बीण हातात येणार नाही. मामांसारखा माणूस समोर बसवून त्याला बरं करायची ओढ असेल, तर बीएस्सीने ती भागणार नाही. तसं असेल तर तिने स्वतःहून नीटकडे परत यावं. पण ते तिच्या तोंडून येऊ द्या.

डिप्लोमाचं विसरा. जाहिरातीतलं ‘क्लिनिकल रिसर्च’ आणि तुमच्या मुलीच्या मनातलं संशोधन ही नावापुरती भावंडं आहेत. त्या डिप्लोमातून बहुतेकांना औषधचाचण्यांत कोऑर्डिनेटरचं काम मिळतं : रुग्णांच्या भेटींच्या तारखा, संमतिपत्रं, फॉर्म, नोंदी. काम हलकं नाही. आपल्या इंदुरातच २०१० च्या आसपास चाचण्यांवरून गदारोळ झाला, रुग्णांना पुरतं न सांगता त्यांत घेतल्याचा आक्षेप होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ चे नवे नियम आले त्यामागे असली प्रकरणं आहेत. संमतिपत्र नीट समजावून देणारं माणूस तिथे लागतंच. पण प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला असतो, तुम्ही नोंदी ठेवायच्या. आणि नोकरीची हमी देणाऱ्याला मी आधी विचारते, लेखी देता का?

रस्ता : सीयूईटी ही विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा देऊन किंवा आपल्या होळकर सायन्स कॉलेजसारख्या ठिकाणी बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. आयसर या सरकारी विज्ञानसंस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षाही आहे, पण बारावी कोणत्या साली झाली याची त्या परीक्षेला अट असते. ती आजच तपासा, कारण आणखी एक ड्रॉप घेतलात तर तो दरवाजा बंद होऊ शकतो.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘निवृत्तीला दोन वर्षं’ म्हणजे तेच. जेआरएफला, म्हणजे पीएचडी करताना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत, २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं, पण तिथे पोचायला पाच वर्षं लागतील, पीएचडी संपता संपता वय २९-३० होईल. नंतर पक्की जागा मिळेलच असंही नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. मात्र दुसरी बाजूही मोजा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, पोटविकारांचं डीएम आणखी तीन, मधल्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या. कोट्याचं वर्ष धरलं तर ती बत्तिशीच्या आसपास येते. ‘लवकर सेटल’ हे दोन्हीकडे नाही.

तेव्हा तिला समजावून सांगण्याचं काम मी करणार नाही. फॉर्मांच्या तारखा निघून जायच्या आत तिला माझ्याकडे पाठवा, एकटीला. त्याआधी डॉक्टर. आणि डॉक्टरांकडे जाताना मामांची फाईल बरोबर न्या, घरातल्या आजाराचा इतिहास ते विचारणारच. कुठलं पान काढून दाखवायचं ते तिला माहीत आहे.