पळत पळत केलेला थ्रो अवघड की सोपा? क्वार्टरबॅकच्या पोटाकडे बघा

प्रश्न: सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मोबाइलवर एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बघतो. क्वार्टरबॅक पळत पळत बॉल फेकतो आणि कॉमेंटेटर दरवेळी किंचाळतात. मला सगळे थ्रो सारखेच वाटतात. यातला खरंच अवघड कुठला, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

किंचाळण्यावर जाऊ नका, तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मी बारा वर्षं न्यू जर्सीत आहे. त्यातली पहिली तीन-चार वर्षं मीसुद्धा पळण्याच्या वेगावरूनच थ्रोची किंमत ठरवायचो. जितका जोरात पळतोय तितका थ्रो भारी. हे साफ चूक आहे, हे मला टीव्हीसमोर कळलं नाही, मुलाच्या शाळेच्या मैदानावर कळलं.

मुलगा फ्लॅग फुटबॉल खेळायचा. त्यात कुणी कुणाच्या अंगावर झेपावत नाही, कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. त्याचे कोच साठीचे गृहस्थ. पोरांना एकच गोष्ट बजावायचे: पाय कुठेही पळू देत, बॉल जिकडे पाठवायचा तिकडे बेंबी दाखव. एका शनिवारी सराव संपल्यावर मी म्हटलं, बघू तरी. गल्ली क्रिकेटमध्ये कव्हरवरून पळत थ्रो मारलेला माणूस मी, मला काय अवघड! उजवीकडे पळत फेकला. डुगडुगत का होईना, पोरापर्यंत पोचला. मग डावीकडे पळत फेकायला गेलो. पाय डावीकडे निघाले, हात मागेच राहिला, कंबर काही वळेना, आणि बॉल पोराच्या डोक्यावरून सरळ साइडलाइनपलीकडच्या घडीच्या खुर्चीवर. तिथे बायकोने पोह्यांचा डबा उघडून ठेवला होता. पोहे गवतात. कोच लांबूनच ओरडले, "बेंबी कुठे होती?"

त्याचं कारण उभं राहून, हात हलवून बघितलंत तर लगेच कळेल. उजव्या हाताने जोरात फेकायचं तर डावा खांदा लक्ष्याकडे हवा. क्वार्टरबॅक उजव्या साइडलाइनकडे पळत असतो तेव्हा त्याचा डावा खांदा आपोआपच मैदानाच्या पुढच्या दिशेला असतो, म्हणजे अर्धं काम झालेलं. डावीकडे पळताना नेमका उलटा, उजवा खांदा पुढे येतो. तो मागे न्यायचा, डावा पुढे आणायचा, कंबर फिरवायची, आणि हे सगळं पाय न थांबवता. मागून ११५-१२० किलोचा डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या टोकाचा धिप्पाड गडी) येतोय हे वेगळंच. म्हणून उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकने डावीकडे पळत फेकलेला पंधरा यार्डांचा साधा दिसणारा पास हा उजवीकडे पळत फेकलेल्या पंचवीस यार्डांच्या पासपेक्षा अनेकदा अवघड असतो. डावखुऱ्यांचं सगळं आरशातल्यासारखं. पूर्वीचा स्टीव्ह यंग किंवा आताचा तुआ टॅगोवायलोआ बघताना दिशा उलटी धरा.

ताकदीचाही प्रश्न आहेच. जागेवर उभं राहून फेकताना मागच्या पायाने जमीन रेटायची, पुढचा पाय रोवायचा, आणि तो रेटा कमरेतून खांद्यात चढतो. पळताना रोवायला पायच नसतो. बॉल ४०० ग्रॅमहून जड, म्हणजे क्रिकेटच्या अडीच बॉलांएवढा, वर लांबुळका. तो गिरक्या घेत सरळ जायला हवा, नाहीतर हवा त्याला कुठेही नेते. पाय नसले की सगळा भार कमरेच्या वळण्यावर आणि हातावर येतो. म्हणून कोच लोक शिकवतात की पळायचंच असेल तर शेवटची दोन पावलं लक्ष्याच्या दिशेने टाका, मग पळण्याचा जोर बॉलला मिळतो. रिप्ले बघताना मी आधी ही दोन पावलं बघतो. पुढे पडली तर थ्रो सोपा झाला. साइडलाइनकडे आडवी किंवा मागे मागे पडत राहिली, तर अवघड.

आता थोडा हिशोब. बॉल ताशी ८० किलोमीटरने सुटला आणि क्वार्टरबॅक ताशी १६ ने आडवा पळतोय असं धरू. पळण्याचा वेग बॉलच्या एक पंचमांश. म्हणजे बॉल पाच यार्ड पुढे गेला की एक यार्ड आडवा सरकणार. तीस यार्डांवरच्या माणसाकडे नेम धरून फेकला तर तो त्याच्यापासून सहा यार्ड बाजूला जाऊन पडेल. वसईच्या खाडीवर लोकलमधून निर्माल्याची पिशवी टाकणारे लोक पाहिले असतील (टाकू नये, पण तो वेगळा विषय). पिशवी हातातून सुटते तिथे सरळ खाली पडत नाही, गाडीबरोबर पुढे जाते. क्वार्टरबॅकला त्या सहा यार्डांचा अंदाज पळत्या डोक्याने करून मुद्दाम उलट्या बाजूला नेम धरावा लागतो.

पण इथेच गंमत आहे. रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा गडीही त्याच दिशेने, साधारण त्याच वेगाने पळत असेल तर हा हिशोब जवळजवळ नाहीसा होतो. दादर ते अंधेरी दोन लोकल शेजारी शेजारी धावतात तेव्हा समोरच्या दारातला माणूस जागच्या जागी उभा दिसतो, हात लांब केला तर वडापाव देता येईल असं वाटतं. तसंच हे. दोघेही उजवीकडे पळतायत, क्वार्टरबॅक सरळ त्याच्याकडे बघून फेकतो, बॉल आपोआप त्याच्याबरोबर सरकत जातो. टीव्हीवर दोघं भन्नाट पळताना दिसतात, स्टेडियम उभं राहतं, आणि थ्रो असतो सोपा. तुम्हाला जे 'सगळे सारखेच' वाटतात त्यातले निम्मे तरी या जातीचे असणार. त्यातले बरेच तर ठरवून आखलेले असतात. बॉल रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्या गड्याला) दिल्याचं नाटक करायचं, बचाव एका बाजूला ओढायचा आणि आपण दुसऱ्या बाजूला मोकळं पळायचं, याला बूटलेग म्हणतात. अर्धं मैदान विचारातच घ्यायचं नाही, दोन-तीन रिसीव्हर एकाच बाजूला, पाय कुठे पडणार हे आठवडाभर घोटलेलं. घाबरून पळालेला आणि ठरवून पळालेला, हा फरक स्नॅपनंतरच्या, म्हणजे बॉल क्वार्टरबॅकच्या हातात आल्यानंतरच्या, पहिल्या सेकंदात दिसतो. नजर रिसीव्हरवर असेल तर ठरवून. मागे वळून बघत असेल तर पॉकेट, म्हणजे त्याच्याभोवतीचं साथीदारांचं कडं, फुटलंय.

आखलेलं मोडतं तेव्हा काय होतं, याचं जुनं उदाहरण म्हणजे १० जानेवारी १९८२, सॅन फ्रान्सिस्को. डॅलस काउबॉइजविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को ४९र्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना उजवीकडे पळाला तो आखलेलाच डाव होता. पण पहिला रिसीव्हर फ्रेडी सोलोमन मोकळा सापडला नाही, आणि अंगावर आला एड 'टू टॉल' जोन्स, उंची सहा फूट नऊ इंच. मोंटाना मागे मागे सरकत, साइडलाइन संपत आलेली असताना, त्या उंच हातांवरून बॉल उचलून देतो आणि ड्वाइट क्लार्क मागच्या रेषेजवळ उडी मारून घेतो. ४९र्स २८-२७ ने जिंकले. क्लार्क त्याच दिशेने पळत होता, हा भाग सोपा. मागे सरकत, उडणाऱ्या माणसावरून, आणि घेता आला तर फक्त आपल्याच माणसाला येईल अशा उंचीवर, हा भाग भयंकर. एकाच थ्रोत दोन्ही गोष्टी असतात, त्या वेगळ्या करून बघाव्या लागतात.

सगळ्यांत धोक्याचा प्रकार म्हणजे उजवीकडे पळता पळता बॉल डावीकडे, मैदानाच्या मध्याकडे उलटा फेकणे. अंग एकीकडे चाललंय, बॉल दुसरीकडे पाठवायचाय. वेग कमी पडतो, बॉल हवेत जास्त वेळ राहतो, आणि मध्यभागी बचावातली माणसं वाट बघत असतात. इथल्या शाळकरी पोरालासुद्धा हे करू नको म्हणून सांगितलेलं असतं. २४ जानेवारी २०१० ला न्यू ऑर्लिन्समध्ये, २८-२८ अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद, मिनेसोटाचा ब्रेट फाव्ह उजवीकडे पळाला आणि त्याने तो मधे उलटा फेकला. न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरने तो मधल्यामधे पकडला. सेंट्स जादा वेळेत ३१-२८ ने जिंकले आणि सुपर बोलला, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याला, गेले. आता दुसरा थ्रो बघा. ९ डिसेंबर २०१८, कॅन्सस सिटी, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींतली शेवटची), अजून नऊ यार्डांची गरज, सात गुणांनी मागे. कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स उजवीकडे पळतो आणि अंगाच्या उलट मैदानाच्या आत टायरिक हिलला देतो. ४८ यार्ड. चीफ्स पुढे जादा वेळेत २७-२४ ने जिंकले. एकाला शिव्या, दुसऱ्याच्या क्लिप अजून फिरतायत, पण जात एकच. म्हणून पकडला गेला की नाही यावरून अवघडपणा ठरवायचा नाही, हे मी स्वतःला दर आठवड्याला बजावतो आणि दर आठवड्याला विसरतो. (महोम्सचे वडील बेसबॉलमध्ये पिचर होते आणि तो स्वतःही बेसबॉल खेळलेला. पाय न रोवता, हात कुठल्याही कोनातून फिरवून फेकायची त्याची सवय तिथली, असं माझं मत.)

टीव्हीवरच्या आकड्यांबद्दल दोन गोष्टी. एक, '२० यार्डांचा पास' म्हणतात तेव्हा ते अंतर खेळ सुरू झाला त्या रेषेपासून सरळ पुढे मोजलेलं असतं. मैदान ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद आहे. क्वार्टरबॅक रेषेच्या आठ यार्ड मागे, उजव्या बाजूला गेलाय आणि ३५ यार्ड आडव्या अंतरावर डावीकडे फेकतोय, तर पायथागोरसप्रमाणे बॉल हवेतून जवळपास ४५ यार्ड गेला. पाटीवर २०.

दुसरं, पास पूर्ण होण्याची टक्केवारी. खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये चिप असते, त्यावरून लीग ती काढते. क्वार्टरबॅकचा फेकतानाचा वेगही त्यात धरतात. आकडा चांगला आहे, मी बघतो. पण तो 'बॉल घेतला जाण्याची शक्यता' सांगतो. रिसीव्हरच्या आसपास कुणी नसेल तर टक्केवारी चढते, मग फेकणाऱ्याने कमरेचे कितीही हाल केले असोत.

माझ्या मते पाहिलाच पाहिजे असा एक शोधून काढा. १५ जानेवारी २०१७, डॅलसविरुद्ध ग्रीन बे, ३१-३१, तिसरा डाउन, २० यार्डांची गरज, १२ सेकंद उरलेले. ग्रीन बेचा उजव्या हाताचा ॲरन रॉजर्स डावीकडे पळतो. पॉझ करत करत बघा. पाय डाव्या साइडलाइनकडे, आणि सोडायच्या क्षणी कंबर आणि छाती वळून पुढे आलेली. पस्तीसेक यार्ड पुढे, अगदी साइडलाइनवर, जेरेड कुक पडता पडता बॉल घेतो आणि पायांची बोटं आत घासतात. घड्याळात तीन सेकंद. मेसन क्रॉस्बीने ५१ यार्डांवरून किक मारली आणि ग्रीन बे ३४-३१. त्या थ्रोत मोकळा रिसीव्हर नाही, सोयीची बाजू नाही, अंतर थोडं नाही. मी तो मुलाला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "बेंबी!"

आणि मी पाहिलेला सगळ्यांत अवघड कुठला विचाराल, तर तो पकडला गेलेलाच नाही. फेब्रुवारी २०२१, टॅम्पातला सुपर बोल. चीफ्सच्या, क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या ओळीतले दोन्ही टोकांचे नेहमीचे गडी (टॅकल) जखमी, त्यामुळे महोम्स रात्रभर जिवाच्या आकांताने पळत होता. पास सोडण्याआधी किंवा सॅक होण्याआधीचं (बॉल हातात असताना पाडलं जाण्याआधीचं) त्याचं पळणं त्या सामन्यात एकूण ४९७ यार्ड भरलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी पायांत आलं, तो जमिनीला समांतर झाला, आणि आडव्या अंगाने, नुसत्या हाताने बॉल एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्यात) पाठवला. बॉल थेट डॅरेल विल्यम्सच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आदळला आणि खाली पडला. चीफ्स ३१-९ ने हरले.