इसबगोल सुरू करताय? मग आधी एवढं पाळा

पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊ नका. नवखे इथेच चुकतात. पोट फुगतं, नि पुडा फडताळात पडून राहतो. रात्री जेवणानंतर एक छोटा चमचा, आठवडाभर तेवढाच.

खरी गोष्ट पाण्याची. भुसा पेलाभर पाण्यात ढवळा आणि लगेच प्या. रेंगाळलात तर चमच्याला चिकटणारा बुळबुळीत लगदा होतो. वर आणखी अर्धा पेला पाणी. कोरडा भुसा तोंडात कधीच टाकू नका, घशात फुगून अडकतो.

- इतर गोळ्यांपासून 2 तासांचं अंतर ठेवा.
- गिळायला त्रास, आतड्यात अडथळा किंवा शौचातून रक्त असेल तर आधी डॉक्टर.

गुण यायला 12 ते 72 तास लागतात, तेव्हा एका रात्रीत सोडून देऊ नका.