आईच्या झोपेचं आत्ताच ठरव

अगं बाळा,

रात्री तीनला टक्क जाग येते ती उजाडेपर्यंत, आणि घरात म्हणतात आत्तापासून सवय होतेय ते बरंय, हा तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं नीट लिहावंच. अशी कसली सवय होत नसते गं, नुसता थकवा साठत जातो.

आठव्या महिन्यात झोप मोडतेच, सारखं बाथरूम, छातीत जळजळ, कूस बदलायची तरी उठून बसावं लागतं. डावी उजवी कुठलीही कूस चालते, जाग आल्यावर पाठीवर असलीस तर घाबरू नको, वळ आणि झोप. पण आडवं झालं की पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही म्हणालीस ना, ते डॉक्टरांना सांगच. शरीरात लोह कमी असलं तरी असं होतं, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण बघायचं का विचार, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नको, अंगी लागत नाही.

आता बाळंतपणानंतरचं. मी इतकी वर्षं प्रसूती वॉर्डात काढली, भेटायला येणारे सगळे बाळाचं वजन विचारतात, दूध पुरतंय का विचारतात, आईला झोप लागते का हे कोणी विचारत नाही, मला याचा फार राग येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येईल, ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याच्या पुढे गेलं, किंवा बाळ शांत झोपलंय, तुझी आई शेजारी आहे, तू दमून गेलीयेस आणि तरी डोळा लागत नाही, डोक्यात नको ते विचार फिरतायत, तर ते बाळामुळे झालेलं जागरण नाही, डॉक्टरांना दाखव. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात असलेली एडिंबराची १० प्रश्नांची चाचणी आहे, त्यात सुद्धा मन इतकं उदास आहे का की झोप लागत नाही असा एक प्रश्न आहे. औषध लागलं तर घ्यायचं, अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, फक्त मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणायची नाही.

आणि हे नवऱ्याला वाचायला दे: रात्र रात्र झोप नाही तरी थकवा नाही, भलतंसलतं बोलणं, घरच्यांवरच संशय, असं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हजारात एक-दोघींना होतं, बाहेरची बाधा वगैरे काही नसतं, उपचाराने बरं होतं. जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करायचं मनात आलं तरी वाट बघत बसायचं नाही, लगेच मदत घ्यायची. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

माहेरी गेलीस की पहिल्याच आठवड्यात आईशी ठरव, नऊला पाजलंस की पुढचं रडणं, लंगोट, थोपटणं तिच्याकडे, बाळ फक्त प्यायला तुझ्याजवळ येईल. दूध नीट यायला लागलं, बाळाचं वजन वाढायला लागलं की काढून ठेवलेलं दूध देऊन चार-पाच तास सलग झोप. शनिवारी नवरा आला की पाहुण्यासारखा बसायचा नाही, ती रात्र त्याची. आणि दुपारी शेक-मालिश झाल्यावर बाळ बघायला येणाऱ्यांना सरळ संध्याकाळी या म्हणायचं, वाईट वाटलं तर वाटू दे.

आईला हे सांगायला अवघड वाटत असेल तर मला कळव, मी बोलते तिच्याशी.

तुझी मावशी