जुनी पिकअप उघडण्याआधी

प्रिय मित्रा,

पिकअप घरी आली हे वाचून फार आनंद झाला. पण येत्या सुट्टीत केबिन, हौदा, इंजिन सगळं उतरवून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मोकळी करायचं तू म्हणतोस, म्हणून हे पत्र घाईने लिहितोय. इतक्यात तिला उघडू नकोस.

घरी सुरू केलेली अशी कामं अर्धवट राहतात, ती बहुतेक वेळा हाताला काम येत नाही म्हणून नव्हे. गाडी सुटी होते, भाग खोक्यांत जातात, कुठला बोल्ट कुठला ते आठवेनासं होतं आणि मग तिकडे फिरकावंसंच वाटत नाही. चार चाकांवर उभी असलेली, ढकलली तर सरकणारी गाडी मात्र आपल्याला रोज हाक मारते. म्हणून एका वेळी एकच भाग उघड, तो पुरा करून बसव, मगच दुसऱ्याला हात लाव. आधी ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग. पत्रा आणि रंग शेवटी. रंगाची घाई सगळ्यांनाच असते, पण खालची दुरुस्ती करताना नवा रंग खरवडला जातोच.

या सगळ्याच्याही आधी चासी तपास, कारण ही गाडी करायची की नाही हे तिथेच ठरतं. केबिन जिथे चासीवर टेकते त्या जागा, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो तो भाग आणि हौद्याखाली चिखल साचणारी चासीची वरची बाजू नीट पाहा. हातोडीने हलकं ठोक. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली की जुना स्क्रूड्रायव्हर दाबून बघ. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो, त्याची चिंता नको. पापुद्रे सुटत असतील, किंवा रिव्हेट मारलेल्या दोन पट्ट्या मधल्या गंजाने फुगून फाकल्या असतील, तर मामला गंभीर आहे. अशा ठिकाणी वेल्डिंग शिकायचं नसतं. ते काम जाणत्या वेल्डरचंच.

गाडीखाली जाशील तेव्हा ती जॅकवर नव्हे, स्टँडवर असली पाहिजे, आणि खाली सपाट, पक्की जमीन. यात सवलत नाही. ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नकोस. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मास्क लाव, ओल्या फडक्याने पूस आणि ते फडकं पिशवीत बांधून टाक.

ब्रेकचे रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसले तरी बदल. ते आतून फुगतात. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडल्यावर मात्र नीट परत येत नाही आणि चाक धरून राहतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आणि लोखंडी पाइप आतून गंजतात. तेही नवे घाल. तुझी गाडी खूप जुनी असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग, एकाच सर्किटचा असू शकतो. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढचं-मागचं सर्किट वेगळं करणारा मास्टर सिलिंडर बसवता येत असेल तर जरूर बसव. गाडी मूळ रूपात राहावी हा आग्रह मला पटतो, पण ब्रेकच्या बाबतीत मी तो धरणार नाही.

आता इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नकोस. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, दोन दिवस थांब आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरव. अडलं तर जोर करू नकोस, पुन्हा ऑइल सोडून वाट पाहा. मोकळं फिरलं की मग स्टार्टरने फिरवत कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेज लावून मोज. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. जिथे कमी आहे तिथे चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोज. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) बघावं लागेल. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर बहुधा त्यांच्या मधलं गॅस्केट गेलंय. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नकोस, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकं, बंद करतो.

पत्र्याबद्दल आत्ता एवढंच, की दरवाजाखालची पट्टी कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीला आतून आडवे-तिरपे रॉड टाचून घे. नाहीतर केबिन खाली खचते आणि मग दरवाजा काही केल्या लागत नाही. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढू नकोस. एक टाका इथे, दुसरा लांब, मध्ये थंड होऊ दे. पुट्टी ३ मिलिमीटरहून जाड लागत असेल तर पत्रा अजून सरळ झालेला नाही.

चासीचे जवळून फोटो काढून पाठव. कॉम्प्रेशनचे आकडे सिलिंडरनिहाय लिही, ऑइल न घालता आलेले वेगळे आणि घालून आलेले वेगळे. इंजिन खाली उतरवायचं की जागेवरच काम भागेल, ते त्यावरून ठरवू.