टायरवरच्या शेवटच्या अक्षराचं काय करू?

प्रश्न : माझ्या दणकट इंजिनाच्या एसयूव्हीला कंपनीचे २७५/४५ आर२० ११०वाय टायर आहेत. २२ इंची चाकं घालायची आहेत. दुकानदार २८५/३५ आर२२ १०६व्ही सुचवतो. मी १४० च्या वर कधीच जात नाही. मग व्ही पुरेल ना?

उत्तर : नाही, घेऊ नका. शेवटचं अक्षर म्हणजे टायरला झेपणारा कमाल वेग : व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यू २७०, वाय ३००. तुमचा हिशेब वेगाचा आहे, पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. ते आकडे ठरावीक वजन आणि योग्य हवा धरून ठरवलेले असतात. भरलेली गाडी, तापलेला रस्ता, थोडी कमी हवा, की उष्णता सोसण्याची शिल्लक ताकद झरझर आटते. मी स्वतः एकदा फक्त मागच्या जोडीला खालचं रेटिंग बसवलं होतं. लांब वळणावर गाडीचं मागचं अंग सैल वाटू लागलं, आठवड्यात टायर उतरवले.

मला खरी धास्ती वाटते ती अक्षराआधीच्या १०६ ची, म्हणजे टायर पेलू शकेल त्या वजनाच्या आकड्याची. ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, १०६ म्हणजे ९५०. चाकामागे ११० किलो गेले! व्यास जवळपास तोच राहतो, ते ठीक. पण दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा आणि वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर, दोन्ही बाबतीत त्याच्या खाली उतरू नका. २२ इंचात तसा टायर मिळत नसेल तर २१ बघा. चारही सारखेच घ्या.