पानं मोजा, पण टेबल अडवू नका

वाचक विचारतात. या महिन्याचा विषय : ब्लॅकजॅक, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता डीलरच्या पुढे राहण्याचा खेळ. त्यात ‘पानं मोजणं’ म्हणजे निघालेल्या पानांवरून उरलेल्यांत मोठी पानं किती, याचा अंदाज ठेवणं. उत्तरं देणाऱ्या ताईंनी अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत डीलर म्हणून बरीच वर्षं पानं वाटली आहेत.

ताई, हाय-लो पद्धतीनं पानं मोजायला मी घरी शिकलो आहे. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच अटलांटिक सिटीत खऱ्या टेबलावर बसणार आहे. मोजणीचं बघता येईल, पण तिथं वागायचं कसं? आपल्यामुळे कुणाची अडचण व्हायला नको.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. त्याचं उत्तर घरापासूनच सुरू होतं.

पत्त्यांचा एक कॅट घ्या. दुर्री ते छक्की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का उणे एक. ५२ पानं संपली की बेरीज शून्यावर यायलाच हवी. हे अर्ध्या मिनिटाच्या आत, ओठ न हलवता आणि घरात कुणीतरी तुमच्याशी बोलत असताना जमलं पाहिजे. एकेक पान मोजत बसू नका, जोड्या लावा. राजा आणि पंजी शेजारी दिसली की शून्य, पुढे चला. तोवर टेबलावर येऊ नका. यात तुमचे पैसे वाचतीलच, पण मी बोलतेय ते तुमच्या शेजाऱ्यांच्या वतीनं. कच्चा मोजणारा डीलरला पाच मिनिटांत कळतो. त्याच्यासमोर सोळा असतात, डीलरची दश्शी उघडी असते, आणि हा वापरलेल्या पानांच्या ट्रेकडे टक लावून भागाकार करत असतो. बाकी पाच माणसं खोळंबलेली! मोजणं हा तुमचा हिशोब आहे, वेळ मात्र सगळ्यांचा आहे.

आता टेबल. बसण्याआधी पाटी वाचा. कमीत कमी पैज किती, ब्लॅकजॅकला काय भाव देतात आणि शू (ज्यातून पानं वाटतात ती पेटी) अर्ध्यात असताना नव्या माणसाला बसू देतात की नाही, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. ‘तीनास दोन’ असेल तर २० डॉलरच्या पैजेवर ३० मिळतात. ‘सहास पाच’ असेल तर फक्त २४. या एका फरकानं कॅसिनोची बाजू जवळजवळ दीड टक्क्यानं जड होते आणि तुमची सगळी मोजणी त्यातच वाहून जाते. अशा टेबलावर बसूच नका.

मध्येच बसायला परवानगी असली, तरी चालू डाव संपू द्या आणि बसलेल्यांना एकदा विचारा. काहींना शूच्या मध्यात कुणी आलेलं आवडत नाही. त्यामागे गणित काही नाही, पण विचारायला आपलं काय जातं?

पैसे डीलरच्या हातात देऊ नका. दोन डावांच्या मधल्या वेळात नोटा टेबलाच्या कापडावर ठेवा आणि हात मागे घ्या. आम्हाला हातातून पैसे घेता येत नाहीत. नोटा कापडावर पसरून, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा मोजाव्या लागतात आणि रक्कम मोठ्यानं सांगावी लागते. नवखी माणसं नोटा धरून हात पुढे करून थांबतात, डीलर त्या घेत नाही, आणि मग त्यांना उगाच अपमान झाल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं हो.

चिप्स रचताना मोठी खाली, लहान वर. लाल पाचची, हिरवी पंचवीसची, काळी शंभराची. पहिलं पान सुटलं की पैजेच्या वर्तुळाकडे हात न्यायचा नाही, चिप्स वाकड्या झाल्या असतील तरीही. ही चूक भली माणसं करतात, नीटनेटकेपणाच्या सवयीनं. पण पानं बघून पैज वाढवणं किंवा काढून घेणं ही ठगांची जुनी युक्ती आहे, म्हणून डीलरला तिथंच डाव थांबवून वरिष्ठांना बोलवावं लागतं. पैज दुप्पट करायची असेल तर नव्या चिप्स आधीच्या शेजारी ठेवा, वर नाही. एक बोट दाखवलं की दुप्पट, दोन बोटं फाकवून दाखवली की सारख्या पानांची जोडी फोडून दोन डाव करायचे.

पान हवं असेल तर बोटानं टेबलावर टकटक करा, नको असेल तर पानांवरून तळवा आडवा फिरवा. तोंडानं सांगितलंत तरी हात हलवायलाच हवा. नंतर वाद झाला तर चित्रीकरण बघितलं जातं आणि त्यात हात दिसतो, शब्द नाही. सहा किंवा आठ कॅटच्या शूमधली पानं उघडीच वाटतात, त्यांना हात लावायचा नाही. फोन खिशात. पेय कडेच्या खोबणीत, कापडावर नाही.

एकच गोष्ट मोजणाऱ्यांसाठी वेगळी. कधीकधी तुमचा आकडा तुम्हाला नेहमीच्या तक्त्याच्या, म्हणजे कुठल्या पानांवर काय खेळावं हे ठरवून दिलेल्या यादीच्या, उलट खेळायला सांगेल. उदाहरणार्थ, बेरीज अधिकात असेल तर सोळावर डीलरच्या दश्शीसमोर थांबायचं. शेजारी विचारेल, “का थांबलात?” “वाटलं तसं,” एवढं म्हणा आणि पुढे चला. शिकवायला बसू नका. ‘इन्शुरन्स’चंही (डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर लावायची जादा पैज) तसंच. खरी मोजणी, म्हणजे चालू बेरीज भागिले शिल्लक कॅट, अधिक तीन किंवा वर असेल तर तुम्ही घ्या, नाहीतर सोडा. पण शेजाऱ्याला “घ्या”, “नका घेऊ” सांगू नका. त्यानं तुमचं ऐकलं आणि तो हरला, तर ते पैसे भरून देणार आहात का तुम्ही?

टिपेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. सरासरी पैज २० डॉलर, तासाला ७० डाव आणि मोजणीतून १ टक्का फायदा धरला, तर तासाला १४ डॉलर होतात. त्यातून पाच-पाचच्या दोन चिप्स दिल्या की चारच उरतात. शिवाय त्याच तासात दोनशे डॉलर वर-खाली होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून बेतानं द्या, पण द्या. तासाभरात एकदा एखादी चिप वर्तुळाच्या पुढच्या कडेला ठेवून “डीलरसाठी” म्हणालात की पुरे. टिपा सगळ्या डीलरांत वाटल्या जातात, तरी शब्द आमच्या लक्षात राहतो.

मुलगा अमेरिकेत शिकतो आणि सुट्टीत पानं मोजून ब्लॅकजॅक खेळायला जाणार म्हणतो. ही फसवणूक नाही का? त्याला पोलीस धरतील का? जिवाला घोर लागला आहे.
— एक आई, पुणे

ताई, मुलाचं वय २१ पूर्ण आहे ना, हे आधी बघा. त्याच्याखाली अटलांटिक सिटीतही नाही आणि लास वेगसमध्येही नाही.

आपल्या डोक्यानं पानं लक्षात ठेवणं हा तिथं गुन्हा नाही. उपकरण वापरलं, म्हणजे फोनवर किंवा लपवलेल्या यंत्रावर मोजलं, तर मात्र नेवाडा आणि न्यू जर्सी दोन्हीकडे कायदा आडवा येतो आणि ते प्रकरण गंभीर असतं. हे त्याला स्पष्ट सांगा.

पुढचा फरक राज्याराज्यातला आहे. केन उस्टन नावाच्या प्रसिद्ध खेळाडूला अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स कॅसिनोनं मोजतो म्हणून ब्लॅकजॅकच्या टेबलावर मज्जाव केला. तो कोर्टात गेला आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की केवळ मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःच्या मर्जीनं खेळाडूला बाहेर काढता येणार नाही. म्हणून आमच्याकडे मोजणाऱ्याला हाकलत नाहीत. पानं लवकर पिसतात किंवा पैजेची मर्यादा खाली आणतात. नेवाडात मात्र “ब्लॅकजॅक सोडून दुसरं काहीही खेळा” असं सांगू शकतात, “बाहेर जा” असंही सांगू शकतात. तसं कुणी येऊन म्हणालं तर मुलानं हुज्जत घालू नये. चिप्स उचलाव्यात, “ठीक आहे” म्हणावं आणि निघावं. बंदी घातल्यावर पुन्हा तिथं गेला तर तो अनधिकृत प्रवेश ठरतो आणि मग खरोखर पोलीस येतात.

आणि आई म्हणून एक विचारून घ्या : हे पैसे फीचे किंवा भाड्याचे तर नाहीत ना? मोजणारा खेळाडूसुद्धा महिनोन्महिने हरत राहू शकतो. गमावले तरी चालतील एवढेच पैसे घेऊन जाणार असेल, तर जाऊ द्या.

मी शेवटच्या खुर्चीत होते. माझे बारा, डीलरची तिर्री उघडी. मी पान घेतलं, दश्शी आली, मी बाद. डीलरकडे तेरा निघाले, अठ्ठी आली, एकवीस! शेजारचे काका सगळ्यांसमोर ओरडले, “डीलरची दश्शी तुम्ही खाल्लीत!” माझं चुकलं का?
— एक वाचक, डॅलस

अजिबात नाही. बारावर तिर्रीसमोर पान घेणं हीच तक्त्यातली खेळी आहे. खरी मोजणी अधिक दोन किंवा वर असती तरच थांबायचं.

शूमधलं पुढचं पान काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तुम्ही घेतलेलं पान जितक्या वेळा टेबलाला बुडवतं, तितक्याच वेळा तारतं. आधीची पानं उलट लागली असती, तर तुम्ही अठ्ठी घेऊन वीसवर बसला असतात, डीलर दश्शीनं बुडाला असता आणि त्याच काकांनी काहीएक म्हटलं नसतं. तारलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

तरी काकांना हे समजावू नका. हरलेल्या माणसाला तेव्हा गणित नको असतं. ओरडणं वाढलं तर डीलरकडे बघा. टेबल शांत ठेवणं हे आमचं काम आहे आणि गरज पडली तर आम्ही वरिष्ठांना बोलावतो. त्यानंतरही जमत नसेल तर डाव संपल्यावर चिप्स पुढे सरकवा, त्या बदलून मोठ्या किमतीच्या घ्या आणि दुसरं टेबल धरा.

गोव्यात मांडवीतल्या बोटींवर हीच पद्धत चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

हाताच्या खुणा, चिप्स, पैजेला हात न लावणं, हे सगळं तसंच पाळा. वयाची अट तिथंही २१ आहे. मोजणीचं म्हणाल, तर बसण्याआधी पानं कुठून येतात ते बघा. वापरलेली पानं डीलर ट्रेमध्ये साठवत असेल तर मोजण्यात अर्थ आहे. प्रत्येक डावानंतर ती लगेच पिसणाऱ्या यंत्रात परत टाकत असेल, तर मोजायला काही उरतच नाही.