आधी वर्तुळ, मग मिकी

प्रश्न : माझे दीर नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतात. दिवाळीत त्यांनी मुलीला तेथील डिस्नेलँडमध्ये नेले, तेव्हा तिने चित्रकलेच्या वर्गात बसून मिकी माउस काढला आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. माझा मुलगा आठवीत आहे. त्यालाही कार्टून काढण्याचा फार नाद आहे. परंतु तो खिडकीच्या काचेवर कागद धरून छापील चित्र गिरवतो आणि गिरवायला काही नसले की त्याचा हात अडतो. त्या वर्गात असे काय शिकवतात? खेड्यात राहून ते शिकता येईल का? एलिमेंटरी परीक्षेला त्याचा उपयोग होईल का?
— एक आई, तालुका दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डिस्नेच्या हाँगकाँग येथील उद्यानात, तसेच कॅलिफोर्नियातील उद्यानातही, ‘अ‍ॅनिमेशन अ‍ॅकॅडमी’ या नावाने असे वर्ग चालतात आणि उद्यानाचे तिकीट काढलेल्या कोणालाही त्यांत बसता येते. पुढे बसलेला चित्रकार एकेक रेघ ओढतो, ती मोठ्या पडद्यावर दिसते, आणि समोरची लहानथोर मंडळी त्याच्यामागोमाग आपापल्या कागदावर तीच रेघ ओढतात. अर्ध्या तासाच्या आत चित्र पुरे होते. एवढ्या वेळात कोणी चित्रकार होत नाही, हे उघडच आहे. तेथे शिकवला जातो तो फक्त क्रम. आणि आपल्या पत्रावरून असे दिसते की, आपल्या मुलाला नेमका तोच कोणी सांगितलेला नाही.

बहुतेक मुले चित्राला डोळ्यापासून किंवा कानापासून सुरुवात करतात, तो एक भाग ठसठशीत काढून घेतात आणि मग उरलेला चेहरा त्याला जुळवत बसतात; शेवटी पाय कागदावर मावत नाहीत. वर्गातला चित्रकार याच्या उलट जातो. तो आधी डोक्याचे मोठे वर्तुळ इतके फिकट काढतो की ते शेजाऱ्याला जेमतेम दिसावे. त्यानंतर त्या वर्तुळात एक उभी आणि एक आडवी, अशा दोन वाकदार रेघा येतात. चेहरा कोणीकडे वळला आहे, हे या दोन रेघा ठरवतात. त्या जेथे एकमेकींना छेदतात, त्या जागेच्या आधाराने नाक, डोळे आणि गाल बसवले जातात, मग कान येतात, आणि सगळे जागच्या जागी बसल्यावरच ठेवायच्या रेघा गडद होतात.

या रेघा वाकदार का असतात, हे एका संत्र्यावर लख्ख कळते. देठापासून खालच्या टोकापर्यंत बॉलपेनने एक रेघ ओढावी, दुसरी पोटाभोवती फिरवावी आणि दोन्ही मिळतात तेथे नाकाचा ठिपका द्यावा. संत्रे डोळ्यांसमोर सरळ धरले की दोन्ही रेघा सरळ दिसतात. ठिपका वर जाईल असे ते कलवले की आडवी रेघ कमानीसारखी वर चढते, खाली कलवले की झोळीसारखी खाली येते, आणि बाजूला वळवले की उभी रेघ त्या बाजूला फुगते. मुलाला पहिल्या आठवड्यात मिकी काढू देऊ नये. वेगवेगळ्या बाजूंना कललेली ही संत्रीच काढू द्यावीत. त्याला कंटाळा येईल, हे मला मान्य आहे. पण गिरवण्याची सवय मोडायला याहून जवळचा रस्ता मला ठाऊक नाही.

मिकीच्या बाबतीत मात्र एका ठिकाणी हा नियम मोडतो. त्याचे कान डोक्याबरोबर वळत नाहीत. चेहरा समोर असो वा बाजूला, ती दोन वर्तुळे गोलच राहतात. यामागे कामाची सोय आहे. ‘स्टीमबोट विली’ हा मिकीचा बोलपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला. बोलपटात दर सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात, त्यासाठी चित्रांच्या थप्प्या हाताने काढाव्या लागतात आणि प्रत्येक चित्रात पात्र तेच दिसावे लागते; वर्तुळ झटपट काढता येते आणि दर वेळी सारखे येते. वॉल्ट डिस्ने यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी मिकीला आकार दिला तो याच वर्तुळांतून. त्याची उंचीही त्याच्या तीन डोक्यांच्या आसपास भरते. मोठ्या माणसाची उंची चित्रकार सात-साडेसात डोक्यांची धरतात, त्यामुळे मोठ्या डोक्याचा मिकी आपल्याला लहान मुलासारखा वाटतो.

गिरवणे अजिबात बंद करावे, असे मी म्हणणार नाही. गिरवलेल्या चित्रावर मुलाने लाल पेन्सिलने आतली वर्तुळे शोधून काढावीत आणि मग मूळ चित्र बाजूला ठेवून, त्या वर्तुळांवरून तेच पात्र दुसऱ्या बाजूला वळवून काढावे. साहित्याचा खर्च फारसा नाही. एक एचबी पेन्सिल फिकट रेघांसाठी, एक टूबी गडद रेघांसाठी आणि एका बाजूने कोरे असलेले जुने कागद पुरतात. पेन्सिल टोकापासून जरा मागे धरली की हात आपोआप हलका पडतो. खोडरबर मात्र आपल्याजवळ ठेवून घ्यावे.

एलिमेंटरीविषयी थोडक्यात सांगतो. वस्तुचित्रात तांब्या किंवा बादली बसवताना हाच क्रम उपयोगी पडेल, कारण तेथेही फिकट आकार आधी आणि कड नंतर येते. स्मरणचित्रात मात्र बाजारातली किंवा पोळ्यातली माणसे कार्टूनच्या डोळ्यांची काढू नयेत. तेथे परीक्षकाला माणसाचे प्रमाण, त्याची हालचाल आणि चित्राची मांडणी पाहायची असते.

प्रश्न : मी पेंटर असून अंगणवाड्यांच्या आणि शाळांच्या भिंती रंगवतो, पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदेही रंगवले आहेत. भिंतीवर मिकीच हवा, असा आग्रह सगळीकडे असतो. त्याचे हक्क आता संपले, असे कोणी सांगितले. ते खरे काय? तसेच लहान चित्रावरून मोठ्या भिंतीवर चेहरा उतरवताना तो बिघडतो, त्यावर उपाय सांगावा.
— एक वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर : आपण ऐकले ते अर्धेच खरे आहे. १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत हक्कमुक्त झाले ते १९२८ सालच्या पहिल्या बोलपटातले मिकीचे रूप, आणि तेही अमेरिकी कायद्यापुरते. त्या रूपात त्याच्या हातात मोजे नव्हते. पांढरे मोजे १९२९ मध्ये आले, आणि त्या वर्षीचे रूप अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून हक्कमुक्त झाले. लोक आपल्याकडे मागतात तो रंगीत मिकी मात्र त्यानंतरचा आहे. त्याशिवाय व्यापारचिन्हाचा हक्क वेगळाच असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला मुभा आहे, त्यामुळे मुलाने घरी वहीत मिकी काढण्यात काहीच गैर नाही. परंतु मोबदला घेऊन सार्वजनिक भिंतीवर तो रंगवणे खासगी वापरात बसत नाही. सगळीकडे रंगवलेला दिसतो म्हणून ते नियमात बसते, असा अर्थ कृपया काढू नये.

माझे मत विचाराल तर अंगणवाडीच्या भिंतीवर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उभा करावा. आपल्याकडचे प्रत्येक पोर तो ओळखते, आणि त्यावर कोणाची मालकी नाही. छातीचे मोठे, पोटाचे मध्यम आणि पुठ्ठ्याचे त्याहून लहान, अशी तीन वर्तुळे एका ओळीत घ्यावीत. छातीच्या वर वशिंडाचे अर्धवर्तुळ ठेवावे, डोके खऱ्या बैलाच्या दीडपट करावे आणि डोळे कपाळाच्या मध्यावर न ठेवता बरेच खाली, नाकपुड्यांच्या जवळ आणावेत. डोळे खाली आले की कपाळ मोठे दिसते आणि चेहऱ्यावर बाळसे चढते. खाली चार चाके आणि ओढायची दोरी दिली की पात्र तयार झाले. त्याला हसवावे, रुसवावे, पावसात छत्री द्यावी; तो आपलाच आहे.

पडदे रंगवताना आपण चौकोन पाडून चित्र मोठे करत असालच. कार्टूनमध्ये चौकोनांनी जागा बरोबर येते, पण गोलाई मोडते, कारण लांब वाक प्रत्येक चौकोनात तुटक तुटक ओढला जातो. म्हणून चौकोनांवरून फक्त वर्तुळांचे मध्यबिंदू घ्यावेत आणि वर्तुळे खिळ्याला दोरी बांधून खडूने एका दमात फिरवावीत. डोळ्यांच्या जागा खडूने खुणावल्यावर रंग लावण्याआधी अंगणाच्या पार टोकाला जाऊन एकदा पाहावे. भिंतीला नाक लावून काम करताना एक डोळा वर गेलेला कळत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रोजेक्टर नाही. चाळीस मुलांना घेऊन कार्टून काढण्याचा तास फळ्यावर घेता येईल का? काही पालक म्हणतात की, हे परदेशी खूळ शाळेत कशाला?
— एक शिक्षिका, तालुका आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पालकांना सांगावे की, हे खूळ आपल्याकडे येऊन फार वर्षे झाली. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि त्यांनी आपल्या चित्रकारांना ही कला शिकवली. भारतीय अ‍ॅनिमेशनमध्ये पुढे मोठे काम केलेले राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

तास फळ्यावर उत्तम होतो. कागद आधी चौपदरी दुमडून उलगडायला सांगावा, म्हणजे घड्यांच्या रेषांवरून मधली जागा प्रत्येकाला सापडते आणि तुम्हीही फळ्यावर तशाच दोन रेषा आखू शकता. एक रेघ ओढली की खडू खाली ठेवावा, बाजूला सरावे आणि मागच्या बाकापर्यंत फेरी मारूनच पुढची ओढावी. शिक्षकांकडून होणारी घाई बहुतेक वेळा इथेच होते. फळ्यावर फिकट रेघ दिसत नाही, म्हणून आतल्या वर्तुळांना पिवळा खडू आणि शेवटच्या रेघांना पांढरा खडू वापरावा. चाळीस कागदांवर चाळीस निरनिराळे चेहरे उमटतील. ते दुरुस्त करू नयेत. पुढच्या तासाला प्रत्येकाला त्याच्याच चेहऱ्याची मान दुसरीकडे वळवून काढायला सांगावी.